गडद, अंधारा आणि नूर

अमळनेरच्या एका तरुण वाचकाने एक प्रश्न पाठवला आहे. येऊ घातलेल्या एका सुपरहिरो चित्रपटाची झलक पाहून त्याच्या मित्रांमध्ये वाद झाला. एकाने कौतुकाने सांगितले की, चित्रपट ‘चांगला गडद’ दिसतो आहे. दुसरा म्हणाला, ‘गडद कुठे? रंग तर सगळे उडालेले आहेत.’ तिसरा ‘पिक्चर काया काया दिसस’ (काळा काळा दिसतो) एवढेच अहिराणीत बोलून गप्प बसला. वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत : इंग्रजीत ज्याला ‘व्हिज्युअल टोन’ म्हणतात त्याला मराठीत ‘रंगछटा’ म्हणावे काय, आणि ‘डार्क’साठी ‘गडद’ हा शब्द चालेल काय.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. ‘गडद’ हा शब्द मराठीत दोन जागी वावरतो. ‘गडद अंधार’ म्हणताना आपण उजेडाचा अभाव सांगतो. ‘गडद निळा’ किंवा ‘गडद हिरवा’ म्हणताना मात्र रंगाचा भरपूरपणा सांगतो, आणि तेव्हा त्याचा विरुद्ध शब्द ‘उजळ’ नसून ‘फिका’ असतो. कापडाच्या दुकानात जाऊन ‘गडद रंगाची साडी दाखवा’ असे म्हटले, तर दुकानदार जांभळी, मोरपंखी, डाळिंबी अशी साडी काढतो. राखाडी किंवा मातकट साडी तो पुढे करणार नाही. सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयी बोलताना ‘डार्क’ म्हणतात तेव्हा मात्र अनेकदा नेमके राखाडी आणि मातकटच अभिप्रेत असते. त्या एका शब्दात उजेड कमी, रंग दबलेले आणि कथा उदास, अशा तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्यांतली पहिली मराठीतल्या ‘गडद’च्या एका अर्थाशी जुळते, दुसरी त्याच्या दुसऱ्या अर्थाच्या थेट उलट आहे, आणि तिसरीचा ‘गडद’शी फारसा संबंध नाही. म्हणून पहिल्या मित्राने अंधाराच्या अर्थाने ‘गडद’ म्हटले, दुसऱ्याने ते रंगाच्या अर्थाने ऐकले, आणि दोघांनी पाहिलेले दृश्य एकच असूनही, दोघांचेही म्हणणे खरे असूनही, त्यांचा वाद मिटेना.

उजेड आणि रंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे खानदेशात राहणाऱ्याला वेगळे शिकवावे लागू नये. मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर भर दुपारी उभे राहिले, तर उजेडाला तोटा नसतो; पण त्या उन्हात भिंतींचे, पाट्यांचे आणि झाडांचे रंग विरून पांढुरके होतात. दृश्य लख्ख असते आणि तरी फिके असते. तेच श्रावणात, आभाळ भरून आलेले असताना पाटणादेवीच्या जंगलात गेले, तर उजेड थोडा असतो आणि हिरवा मात्र इतका दाट असतो की डोळा त्यात बुडतो. दृश्य अंधारे असते आणि तरी गडद असते. ज्याने ही दोन्ही ठिकाणे पाहिली आहेत, त्याने एका ‘डार्क’ शब्दाच्या आधाराने चित्रपटांची वर्णने करणे म्हणजे हातातले मोजमाप टाकून देऊन अंदाजाने कापड फाडणे होय.

सुपरहिरो चित्रपटांतही हे दोन्ही प्रकार सापडतात. २०१३ साली आलेल्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅनचा निळा पोशाख काळपट झाला, वरची लाल चड्डी गेली आणि सगळ्या दृश्यांवर करडी झाक आली, रंग मारले गेल्याची तक्रार चाहत्यांनी एवढी केली की, पुढे त्यातली काही दृश्ये पुन्हा रंग खुलवून लोकांपुढे मांडली गेली. या चित्रपटातली कितीतरी दृश्ये दिवसाउजेडी घडतात, म्हणजे त्यांना ‘अंधारी’ म्हणता येत नाही. त्यांना ‘फिकी’ किंवा ‘करडी’ म्हणणेच योग्य ठरते. उलट २०२२ सालच्या ‘द बॅटमॅन’मध्ये रात्र आणि पाऊस संपतच नाही, पण त्या अंधारात लाल आणि नारिंगी प्रकाश असा गहिरा उतरला आहे की, त्याला फिका म्हणायला कोणी धजणार नाही. तो अंधारा आणि गडद, दोन्ही आहे. २०२५ सालच्या ‘सुपरमॅन’मध्ये निळा पुन्हा निळा झाला, लाल चड्डी परत आली आणि उजेडही भरपूर आला. इंग्रजीतल्या चर्चेत पहिल्या दोन्ही चित्रपटांना ‘डार्क’ म्हणतात. मराठीत त्यांना एकच विशेषण लावले, तर दोन्हींविषयी चुकीचे सांगितल्यासारखे होईल.

या चाहत्यांना रंगांची एवढी चाड का, हेही समजून घेतले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटतो आणि तो तसा नाही. सुपरमॅन १९३८ साली आणि बॅटमॅन १९३९ साली प्रथम छापून आला. स्वस्त, खरबरीत कागदावर काळ्यासह चारच शाया वापरून हे अंक छापले जात, त्यामुळे सपाट आणि ठसठशीत रंगच तिथे टिकत. मे १९६२च्या पहिल्या अंकात हल्क हा राक्षसी नायक करड्या रंगाचा होता. छपाईत तो करडा एकसारखा उतरेना, पानागणिक बदलू लागला, म्हणून दुसऱ्याच अंकापासून त्याला हिरवा केले, आणि आज जगभर तो हिरवाच ओळखला जातो. म्हणजे या नायकांचे रंग छापखान्याच्या अडचणीतून ठरले आणि पुढे त्यांची ओळख बनले. ज्या नायकाला करडेपण छापखान्यानेच नाकारले, त्याच्या गोत्रातल्या दुसऱ्या नायकावर पडद्यावर करडी झाक आली की, जुन्या वाचकाला ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याची कळा गेल्यासारखे वाटते. मला ही भावना पूर्णपणे योग्य वाटते.

आता पहिला प्रश्न. ‘रंगछटा’ हा चांगला, वापरातला शब्द आहे, पण तो इथे बसत नाही. छटा म्हणजे एका रंगाच्या पोटातला बारीक भेद : पोपटी ही हिरव्याची छटा, अबोली ही केशरीकडे झुकणारी छटा. चित्रपटाविषयी बोलताना आपल्याला एखाददुसऱ्या रंगाविषयी बोलायचे नसते, तर सगळ्या दृश्यांचा मिळून मनावर होणारा परिणाम सांगायचा असतो. शिवाय ‘टोन’ असायला रंग असावाच लागतो असेही नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची कृष्णधवल छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच पटेल. त्यांत रंग नाही, म्हणून रंगछटाही नाही. पण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या अशा जोखून ठेवलेल्या आहेत की, प्रत्येक चित्राची मनःस्थिती वेगळी कळते. छायाचित्रकार ‘टोन’ म्हणतात तो मुळात हा उजेडाच्या पायऱ्यांचा हिशेब. त्याला ‘रंगछटा’ म्हटले, तर कृष्णधवल चित्रांना टोनच नसतो, असे विपरीत विधान करावे लागेल.

काही जण शब्दाला शब्द ठेवून ‘दृश्य स्वर’ असे रूप बनवतात. ‘टोन’ हा शब्द ग्रीकमधल्या ताणण्याच्या अर्थाच्या शब्दापासून, म्हणजे ताणलेल्या तारेपासून आला, हे खरे. आणि आपणही ‘लेखाचा सूर’, ‘बोलण्याचा सूर’ असे म्हणतोच. पण लेख आणि बोलणे कानाशी बांधलेले असल्यामुळे तिथे सूर सहज लागतो. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला स्वर चिकटवला की, ते वाक्य कोणीतरी परक्या भाषेतून उचलून आणले आहे, हे ऐकणाऱ्याला तत्काळ जाणवते. ‘बाज’ हा शब्द याहून बरा, मात्र त्यातून शैली आणि प्रकार कळतो, उजेड आणि रंग कळत नाहीत.

माझा कौल ‘नूर’ या शब्दाला आहे. हा मूळचा अरबी शब्द, अर्थ प्रकाश. मराठीत तो आला तेव्हा प्रकाशाचा अर्थ मागे राहून चेहऱ्यावरचे तेज, दिसण्यातली कळा आणि त्यातून कळणारी मनःस्थिती, असा अर्थ पुढे आला. ‘त्याच्या चेहऱ्याचा नूर पालटला’, ‘सभेचा नूर काही ठीक दिसत नव्हता’, ‘दुपारनंतर हवेचा नूर बदलला’ ही वाक्ये कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. त्यांत दोन गोष्टी एकत्र आहेत : बाहेरून दिसणारे रूप, आणि त्या रूपातून आत काय चालले आहे याचा लागणारा सुगावा. चित्रपटाच्या बाबतीत आपण शोधतो आहोत ते हेच. हवेचा नूर म्हणताना आपण ढग, उजेड, वारा यांची वेगवेगळी मोजदाद करत नाही, सगळ्यांचा मिळून एक अंदाज बांधतो. झलक पाहणारा चाहताही तोच अंदाज बांधत असतो. सुपरहिरोच्या पोशाखावरून होणारे वाद आठवले, तर हिंदीतून मराठीत रुळलेली ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हणही इथे चपखल बसते.

एक आक्षेप मला दिसतो आणि तो रास्त आहे. नूर हा परिणाम आहे. तो आपोआप दिसतो, पालटतो, उतरतो. चित्रपटाचे रूप मात्र कोणीतरी हेतूने घडवलेले असते : आधी कपड्यांत आणि नेपथ्यात, मग दिव्यांत आणि कॅमेऱ्यात, शेवटी संगणकावर रंग जुळवताना, ज्याला या व्यवसायातले लोक ‘कलर ग्रेडिंग’ किंवा ‘डीआय’ म्हणतात. या घडवण्याविषयी बोलायचे असेल तर आपल्या नाटकवाल्यांनी शब्द तयार ठेवले आहेत. नाटकाच्या श्रेयनामावलीत ‘नेपथ्य’ आणि ‘वेशभूषा’ यांच्या शेजारी ‘प्रकाशयोजना’ हा शब्द आपण कित्येक वर्षे वाचतो. त्याच घडणीचा ‘रंगयोजना’ हा शब्द चित्रपटाला सहज लागू पडतो. केलेल्या कामासाठी रंगयोजना आणि प्रकाशयोजना, त्या कामाच्या एकत्रित परिणामासाठी नूर, अशी वाटणी मी सुचवीन. ‘रंगभूषा’ या शब्दापासून मात्र दूर राहावे, कारण तो चेहरा रंगवण्याच्या कामासाठी राखलेला आहे.

राहिला कथेच्या उदासपणाचा, म्हणजे ‘डार्क’मधल्या तिसऱ्या गोष्टीचा भाग. रंग आणि मनःस्थिती यांची सांगड घालण्यात मराठी अतिशय समर्थ आहे. ‘काळाभोर’ आणि ‘काळाकुट्ट’ यांत रंग एकच आहे. पण केस काळेभोर असतात, डोळे काळेभोर असतात, कापसाची आपली जमीन काळीभोर असते; रात्र काळीकुट्ट असते, वादळापूर्वीचे आभाळ काळेकुट्ट असते. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात भय आहे, आणि हा फरक केवळ मागे जोडलेल्या दोन अक्षरांनी होतो. ‘लालचुटूक’ आणि ‘लालभडक’ यांचेही तसेच. याउलट ‘पिवळसर’ म्हटले की नुसती माहिती मिळते, आणि ‘पिवळट’ म्हटले की थोडी नापसंतीही कळते. ‘मळकट’, ‘धुरकट’, ‘काळपट’ ही सगळी त्याच नापसंतीच्या बाजूची माणसे. ज्या चित्रपटाचे करडेपण आपल्याला आवडले नाही त्याला ‘मळकट’ किंवा ‘धुरकट’ म्हणावे. ज्याचे आवडले त्याला ‘करडा’, ‘राखाडी’ म्हणावे किंवा ‘धूसर’ म्हणावे. निवडलेल्या शब्दातच अभिप्राय येतो, वेगळे वाक्य लागत नाही.

अंधार म्हणजे उदासच, हे समीकरणही मराठीने कधी मानलेले नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावी १८९० साली जन्मलेल्या बालकवींनी ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत हिरवाळी आणि ‘निळासावळा झरा’ यांपासून सुरुवात करून वाचकाला काळ्या डोहापर्यंत नेले, आणि त्या डोहावर पसरलेल्या सावलीला ‘गोड काळिमा’ म्हटले. काळिमा हा शब्द एरवी कलंकासाठी वापरला जातो. तो गोड असू शकतो, हे त्या दोन शब्दांच्या जोडीने दाखवून दिले. आठ ओळींत दृश्याचा नूर हिरव्याकडून काळ्याकडे असा सरकवता येतो, आणि तरी ती कविता भीतीदायक होत नाही. एखादा सुपरहिरो चित्रपट अंधारा असून हवाहवासा वाटत असेल, तर त्याचे वर्णन करायला याहून नेमकी शब्दजोडी मला सुचत नाही.

आता अमळनेरच्या मित्रांची वाक्ये. पहिल्याने ‘चित्रपटाचा नूर गंभीर आहे आणि तो मला आवडला’ असे म्हणावे. दुसऱ्याने ‘रंगयोजना फिकी आहे’ असे म्हणावे, आणि नापसंती दाखवायची असेल तर ‘मळकट आहे’ असे म्हणावे. ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देत नाहीत. गंभीर नूर फिक्या रंगांतून साधतो की नाही, हा खरा वादाचा मुद्दा त्यानंतर सुरू होतो, आणि तो त्यांनी जरूर घालावा. तिसऱ्या मित्राच्या अहिराणी वाक्यात मात्र मी एक अक्षरही बदलणार नाही. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होऊन काळ्याचा ‘काया’ झाला आहे, आणि ‘काया काया’ ही द्विरुक्ती रंगाचे नाव सांगत नसून डोळ्यांना आलेला एकूण अनुभव सांगते, स्तुती किंवा निंदा यांपैकी काहीही न करता. उजेड कमी आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते, आणि तेवढेच तो म्हणाला. झलक मोबाइलवर पाहिली असेल तर त्याने पडद्याचा उजेड एकदा वाढवून पाहावा. मोठ्या पडद्यासाठी जुळवलेले अंधारातले बारकावे लहान पडद्यावर, दिवसा, बाहेरच्या उन्हात हमखास बुडतात.