स्फाक्सला येताय आणि मुलगा बास्केटबॉल खेळतो, तर...

ताई, नमस्कार. तुमचे यजमान स्खिराच्या भारत-ट्युनिशिया भागीदारीतल्या फॉस्फोरिक ॲसिड कारखान्यात रुजू होणार, बिऱ्हाड स्फाक्सला करायचं, आणि पंधरा वर्षांचा मुलगा नागपुरात शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. तिथे क्रिकेट नाही, ओळखपाळख नाही, निदान त्याचा खेळ तरी सुटू नये, ही तुमची काळजी. शिवाय शाकाहाराचं काय, आणि पुढेमागे तो ट्युनिशियाच्या संघात जाऊ शकेल का, हेही विचारलंत. मी ट्युनिसला लागून असलेल्या रादेसला राहतो. माझी मुलगी इथल्या क्लबात खेळली आहे, त्यामुळे या विषयावर जरा पाल्हाळ लावणार आहे.

देश बास्केटबॉलसाठी चांगला निवडलात. गल्लीत पोरं फुटबॉलच खेळतात, कॅफेत गप्पाही त्याच्याच, पण बास्केटबॉलमध्येही या देशाने आफ्रिकेत हुकमत गाजवली आहे. आफ्रोबास्केट म्हणजे आफ्रिका खंडाचं अजिंक्यपद ट्युनिशियाने तीनदा जिंकलंय: 2011, 2017 आणि 2021. पहिल्याचं अप्रूप इथे आजही आहे. 1999 पासून 2009 पर्यंत सलग सहा वेळा अंगोला जिंकत आला होता, त्याला हरवणं कोणाच्या गावीही नव्हतं. 2011 च्या जानेवारीत इथे क्रांती झाली, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले, सगळं अस्थिर. त्याच ऑगस्टमध्ये मादागास्करच्या अंतानानारिव्होत ट्युनिशियाने अंतिम सामन्यात अंगोलाला 67-56 असं हरवलं. प्रशिक्षक आदेल त्लात्ली इथलेच. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला सालाह मेज्री.

हे नाव मुलाला आत्ताच पाठ करायला सांगा, शाळेत पहिल्याच दिवशी कामी येईल. वायव्येकडच्या ज्यांदूबाचा हा पोरगा, उंची सात फुटांच्या वर. सूसच्या एत्वाल द्यु साहेल क्लबातून निघाला, बेल्जियम, मग स्पेन, तिथे रेआल माद्रिद, आणि 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, उतरलेला पहिला ट्युनिशियन. रागीट म्हणून प्रसिद्ध, पंचांशी सतत हुज्जत, आणि इथल्या लोकांना नेमकं तेच आवडतं.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ट्युनिशियाने पाचही सामने गमावले. अमेरिकेने 110-63 असं धुतलं, ते अपेक्षितच होतं. पण नायजेरियाकडून 60-56 आणि फ्रान्सकडून 73-69, हे दोन पराभव जुनी मंडळी अजून उगाळतात. फ्रान्सचा तर विशेषच, कारण इथे पूर्वी फ्रेंचांचं राज्य होतं. 2017 ची अंतिम लढत आमच्या रादेसच्या मोठ्या हॉलमध्ये झाली, नायजेरियाला 77-65. 2019 च्या चीनमधल्या वर्ल्ड कपमध्ये इराण, फिलिपिन्स आणि अंगोला असे तीन विजय. 2021 ला रवांडातल्या किगालीत कोत दिव्वारवर, म्हणजे आयव्हरी कोस्टवर, 78-75, शेवटपर्यंत जीव टांगणीला. त्या वेळी मकराम बेन रोमधान सर्वोत्तम ठरला. तो आणि मेज्री दोघेही दहा वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघातले.

तीच मंडळी इतकी वर्षं एकत्र खेळली, यातच या संघाचं बळ होतं आणि दुखणंही. एकमेकांचा खेळ डोळे झाकून ओळखायचे, घाई करायचे नाहीत, पास फिरवत फिरवत नेमका मोकळा माणूस शोधायचे. धावण्यात आणि उडण्यात नायजेरिया-सेनेगल सरस, हे डोक्याने जिंकायचे. पण त्यांच्या मागून तयार झालेली फळी तेवढी दमदार नाही. 2023 च्या वर्ल्ड कपला ट्युनिशिया पात्रच ठरला नाही. क्लबांकडे पैसा नाही, चांगला पोरगा दिसला की बाहेर जातो. माझ्या मते ही मरगळ लवकर जाणारी नाही, पण इथे कोणासमोर असं बोलू नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

आता तुमच्या कामाचं. आपल्याकडे पोरं शाळेकडून खेळतात, मग जिल्हा, मग राज्य. इथे शाळेचा खेळ जवळपास नावापुरता, सगळं क्लबावर चालतं. क्लब म्हणजे नुसता संघ नव्हे. एकाच नावाखाली फुटबॉल, हँडबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, आणि खाली लहान मुलांपासून मिनिम, कादे, ज्युनिअर असे वयोगट. राष्ट्रीय संघ याच चाळणीतून येतो. म्हणून मुलासाठी शाळा शोधाल तेव्हा क्लबाच्या सरावाची वेळ आधी विचारा. संध्याकाळी उशिरा सुटणारी शाळा घेतलीत तर खेळाचे बारा वाजले म्हणून समजा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: स्फाक्स हे बास्केटबॉलचं गाव नाही. मोठं, कष्टाळू, व्यापारी शहर आहे, पण तिथला जीव फुटबॉलमध्ये आणि व्हॉलीबॉलमध्ये. बास्केटबॉलचा पट्टा किनाऱ्याने वर आहे: मोनास्तिर, सूस, नाबुल, एझाहरा, रादेस आणि ट्युनिस. मोनास्तिरचा संघ तर 2022 मध्ये बास्केटबॉल आफ्रिका लीगचा विजेता झाला, किगालीत अंगोलाच्या पेत्रो द लुआंडा क्लबाला 83-72 असं हरवून. त्यामुळे स्फाक्सला त्याला नियमित खेळायला मिळेल, मित्र मिळतील, पण सरावाचा दर्जा सूस-मोनास्तिरच्या खालचा असेल. मुलगा खरोखर जीव ओतून खेळणारा असेल तर सुट्टीत तिकडच्या एखाद्या शिबिराची चौकशी करा. स्फाक्सहून सूसला रेल्वे आहे, आणि सूस-मोनास्तिर लोकल गाडी आहे. घाई असेल तर लुआज, म्हणजे भरली की सुटणारी आठ आसनी गाडी. आपल्या वडापचीच शिस्तशीर बहीण.

क्लबात नाव घालताना खेळाडूचं लायसन्स काढावं लागतं आणि ते दर मोसमाला नवं करायचं. जन्मदाखला, पालकांची संमती, डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल हे धरून चला. निघण्यापूर्वी जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. फ्रेंच भाषांतर इथे शपथबद्ध भाषांतरकाराकडून होतं. तुमचं कार्त द सेजूर, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात नुसती पावती मिळते. आम्हाला एका कार्यालयाने 'उद्या या' म्हणत बरेच दिवस झुलवलं, आणि त्यात मुलीचा मोसम अर्धा निघून गेला. तेव्हा मोसम सुरू व्हायच्या आत, उन्हाळ्यातच कागद हलवायला लागा. पण लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये सरकारी कचेऱ्या दुपारीच बंद होतात.

ट्युनिशियाकडून खेळण्याचं म्हणाल, तर ती आशा मनातून काढा. फिबा म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, त्याच्या नियमाप्रमाणे सोळा वर्षांनंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू संघात चालतो. इथे ती जागा बरीच वर्षं मायकेल रोल या मूळच्या अमेरिकन खेळाडूने भरली होती. आणि मुख्य म्हणजे दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं राहत नाही. पंधराव्या वर्षी खेळापायी तो विचार कोणी करू नये. भारतासाठी खेळायची इच्छा असेल तर इथला अनुभव घेऊन परत जाऊ द्या, तेच शहाणपणाचं.

सामना बघायला मात्र नक्की न्या. दारावर झडती होते. पाण्याची बाटली, लायटर, सुटी नाणीसुद्धा कधीकधी काढून ठेवायला लावतात, कारण सगळं मैदानात फेकलं जातं. आत प्रत्येकाच्या हातात कागदाचा पुडा, त्यात ग्लिबेत, म्हणजे भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. माणूस दाताने फोडतो, टरफल थुंकतो, नजर चेंडूवरून हलत नाही. मध्यंतराला पायाखाली टरफलांचा थर असतो. देशाच्या सामन्याला कुटुंबं येतात, वातावरण छान असतं. क्लबांच्या चुरशीच्या सामन्यांना, विशेषतः सूस विरुद्ध मोनास्तिर, तुम्ही सुरुवातीला जाऊ नका. गावं शेजारशेजारची आणि वैर पिढीजात. बरेचदा पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना प्रवेशच नसतो. रमजानात बरेच सामने रात्री जेवणं आटोपल्यावर होतात, तेव्हा गर्दी अधिकच.

टीव्हीवर सामना बघायला लोक कॅफेत जमतात. साध्या कॅफेत पुरुषच बसलेले असतात. तुम्हाला कोणी हटकणार नाही, पण अवघडल्यासारखं होतं. 'सालों द ते', म्हणजे चहाघर, अशी पाटी असलेली जागा बघा, तिथे बायका-मुलं निवांत बसतात.

जेवणाचं थोडक्यात: डाळी, छोले, भाज्या, फळं, ऑलिव्ह सगळं मुबलक. अडचण एकच, ट्यूना मासा. सॅलडवर, सँडविचमध्ये, तुम्ही 'मांस नको' म्हटलं तरी तो येतो, कारण इथे मासा मांसात धरत नाहीत. 'सां तों, सां व्हियांद', म्हणजे ट्यूना नको, मांस नको, हे दोन्ही म्हणायला शिका. लबलाबी म्हणजे शिळ्या पावावर ओतलेले छोले, जिरं आणि हरिसा ही तिखट मिरचीची चटणी. अंडं-ट्यूना वगळून मागा, नागपूरकरांना हमखास आवडेल. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला तिकडून आणा.

आणि बुटांचे दोन जोड घेऊन या, दुसरा एक नंबर मोठा. इथे चांगले बास्केटबॉलचे बूट आयात केलेले असतात, किंमत ऐकून घाम फुटतो, आणि मोठ्या मापाचे तर मिळतच नाहीत. दिनार बाहेरून आणता किंवा बाहेर नेता येत नाही, तेव्हा हाताशी युरो ठेवा आणि बदलल्याची पावती जपून ठेवा. मुलाची जन्मतारीख आणि तो कोणत्या जागी खेळतो ते कळवलंत, तर कोणत्या वयोगटात बसेल ते मी इथल्या प्रशिक्षकांना विचारून सांगतो.