वैशाखात बासरी का चढते?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात साथीला पेटी आणि बासरी असते. कार्तिकात काकड्याला दोन्ही छान जुळतात. वैशाखात मात्र त्याच पेटीशी तीच बासरी चढी वाजते. पेटीमास्तर म्हणतात, बासरीवाला उगाच जोरात फुंकतो. खरं काय? आणि स्वराचा ध्वनिलहरींशी नेमका संबंध काय?
– एक टाळकरी, सोलापूर

उत्तर : जोरात फुंकलं की सूर किंचित चढतो, हे मास्तरांचं खरं. पण तो माणूस कार्तिकातही तेवढंच फुंकत असणार. इथे गुन्हेगार आहे आपलं सोलापूरचं ऊन.

आधी स्वराचं बघू. शाळेत शिकवताना मी नादकाटा काढायचो, पण पोरांना पटायचं ते शेजारच्या चादरीच्या मागावरून. घड्याळ लावून मोजलं तर त्याचे ठोके मिनिटाला १२० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोन. कानाला ते सुटे ऐकू येतात : खटक, खटक. तेच सेकंदाला वीसच्या पुढे गेले की सुटे राहत नाहीत, त्यांची घरघर होते. अडीचशेच्या पुढे नेता आले असते, तर मागाला सा धरून अभंग म्हणता आला असता! सेकंदाला किती कंपनं, ती वारंवारता. तिचं एकक हर्ट्झ. ती वाढली की सूर चढतो. आवाज मोठा होणं वेगळं. भाता कितीही जोरात मारा, सा चा रे होत नाही. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी, २६१.६ हर्ट्झची, आणि तिचा तार सा बरोबर दुप्पट.

आता बासरी. तिच्यात कंप पावते ती नळीतली हवा. लहर किती लांब असावी हे ठरवतं फुंकेच्या भोकापासून पहिल्या उघड्या भोकापर्यंतचं अंतर, आणि बांबू काही उन्हाने वीत-दोन वीत वाढत नाही. पण हवेतला ध्वनीचा वेग वाढतो : २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना जवळपास ३५५. लहर तेवढीच, धाव जास्त, म्हणून सेकंदाला जास्त लहरी. हिशोबाने २६१.६ चा सा २७० वर जातो. तिच्या लगेच पुढची काळी पट्टी, म्हणजे काळी एक, असते २७७ ला. म्हणजे बासरी पांढरी एक सोडून काळी एकच्या अर्ध्या वाटेवर! प्रत्यक्षात इतकी चढत नाही, कारण फुंकेची हवा दोन्ही ऋतूंत अंगाइतकी कोमट असते. तरी पेटीबरोबर धरलेला सा थरथरतो, तो याच फरकाने.

पेटी का चढत नाही? तिच्यात वाजते पितळेची पात. तिची लांबी, जाडी आणि ताठपणा सूर ठरवतात, हवा तिला नुसती हलवते. तंबोऱ्याची तार तर उन्हाने सैल होऊन उलट उतरते.

उपाय बासरीवाल्याच्या ओठात आहे. बासरी थोडी आत वळवून फुंकेचं भोक ओठाने जरा जास्त झाकलं की सूर उतरतो. पेटीला मात्र हात लावू देऊ नका. पात टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं ज्ञान मला पंचविशीत झालं होतं. ऐन वैशाखात बासरीशी जुळवायला मी मंडळाच्या पेटीची पांढरी एक टोकाशी घासून चढवली. कार्तिकात काकड्याला बासरी खाली, पेटी वर. मग तीच पात बुडाशी घासून उतरवली. दोन्हीकडून झिजलेली ती पात पुढच्या आषाढीला, भजन ऐन रंगात असताना, टक्कन तुटली.