दही-ताकातले जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहतात का?

आपला प्रश्न असा आहे की अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर महिनाभर दही, ताक, इडली आणि लोणचे नेमाने खाल्ले, तर त्यांतले उपयुक्त जिवाणू आतड्यात कायमची वस्ती करतील का, आणि तशी ती झाल्यावर हे पदार्थ बंद केले तरी चालेल का. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि विद्यार्थ्यांचे पालकसुद्धा मला हेच विचारतात. निरोगी प्रौढ माणसाच्या आतड्यात हे जिवाणू सहसा वस्ती करत नाहीत. खाणे थांबले की थोड्याच दिवसांत ते शौचावाटे निघून जातात. मात्र त्यांचा उपयोग वस्तीवर अवलंबून नाही, आणि हीच बाजू बहुधा सांगायची राहून जाते.

आपण सांगितलेल्या पदार्थांपैकी जिवंत जिवाणू पोटात पोहोचवणारे पदार्थ मुख्यतः दही आणि ताक हेच आहेत. इडलीचे पीठ ल्युकोनोस्टॉक मेसेंटरॉइडिस आणि त्याच्यासारख्या इतर जिवाणूंमुळे फुगते व आंबते, पण वाफवताना ते सारे मरतात, कढीचेही तसेच. इडली त्यामुळे वाईट ठरत नाही, फक्त ती या हिशेबात धरता येत नाही. आपले कैरीचे लोणचे प्रामुख्याने मीठ, तेल आणि कैरीचा स्वतःचा आंबटपणा यांवर टिकते, जिवाणूंच्या आंबवण्यावर नव्हे, म्हणून तेही या हिशेबात फारसे येत नाही. वर्गात आम्ही निरनिराळ्या घरच्या विरजणांची स्लाइड रंगवून पाहतो, तेव्हा एका दह्यात जांभळ्या गोल जिवाणूंच्या माळाच दिसतात, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला लांबट काड्याही असतात. घरच्या दह्यात नेमके कोणते आणि किती जिवाणू आहेत हे असे घरागणिक बदलत असल्याने त्याला काटेकोर अर्थाने ‘प्रोबायोटिक’ म्हणता येत नाही, कारण त्या व्याख्येत ठरावीक, पुरेशा संख्येने दिलेले आणि सिद्ध लाभ असलेले जिवंत सूक्ष्मजीव अपेक्षित आहेत.

दह्याबरोबर गिळलेल्या जिवाणूंना पहिला अडथळा जठरातल्या आम्लाचा असतो. रिकाम्या पोटी हे आम्ल फार तीव्र असते. जेवणाबरोबर, विशेषतः दुधाच्या प्रथिनांमुळे, त्याची धार काही काळ कमी होते. पुढे लहान आतड्यात पित्तरस असतो आणि त्याने अनेक जिवाणूंची आवरणे फुटतात. दह्यातला लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस दुधातल्या जगण्याला इतका सरावलेला आहे की इतरत्र लागणारी त्याची कितीतरी जनुके निकामी झाली आहेत, त्यामुळे इथे त्याचा फारसा टिकाव लागत नाही. परंतु त्याचे आवरण कमकुवत होते तेव्हा आतले लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) बाहेर पडते आणि दुधातली साखर पचवू लागते. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही बरेचदा सोसते, यामागचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. म्हणजे इथे जिवाणू नष्ट होतानाच उपयोगी पडतो, आणि मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

जे जिवाणू यातूनही वाचतात, त्यांना मोठ्या आतड्यात जागा मिळत नाही. तिथे दर ग्रॅममागे सुमारे 100 अब्ज जिवाणू आधीच राहत असतात. अन्नाचा कण असो वा आतड्याच्या आतल्या बुळबुळीत (श्लेष्मल) थराला चिकटण्याची जागा असो, सगळे अडवलेले असते. बल्गेरियन दह्यातल्या जिवाणूंनी वार्धक्य लांबवता येईल असे विसाव्या शतकाच्या आरंभी मांडणाऱ्या एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांना 1908 साली नोबेल मिळाले (ते मात्र प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी), पण त्या दह्यातला लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस आतड्यात टिकत नाही हे येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी 1920च्या दशकातच दाखवले. नवजात बाळाचे आतडे मात्र अजून भरलेले नसते. ओडिशाच्या ग्रामीण भागात 4,500 हून अधिक बाळांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक निवडक स्ट्रेन (म्हणजे एकाच प्रजातीतला विशिष्ट वाण), त्याला लागणाऱ्या खाद्यासह, 7 दिवस पाजला, तेव्हा सेप्सिस (शरीरभर परिणाम करणारा गंभीर जंतुसंसर्ग) आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 40 टक्क्यांनी घटले. हा स्ट्रेन नवजातांच्या आतड्यात चांगला टिकतो म्हणूनच निवडला होता. ते यश घरच्या दह्याच्या नावावर जमा करू नये.

प्रौढांच्या बाबतीत मला स्टॅनफर्डचा 2021 चा अभ्यास मोलाचा वाटतो. त्यात काही आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित 19 प्रथिने कमी झाली. तरीही नव्याने दिसलेल्या जिवाणूंपैकी बहुतेक त्या पदार्थांतून आलेले नव्हते. येणारे जिवाणू आणि त्यांनी तयार केलेली आम्ले मूळच्या रहिवाशांची परिस्थिती बदलत असावीत, असा याचा अर्थ मी लावते. अभ्यास लहान होता, पण दही रोज खाण्यामागचे तर्कशास्त्र त्यातून नीट कळते.

आता आपल्या अँटिबायोटिककडे वळू. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या 2018 च्या एका छोट्या प्रयोगात, अँटिबायोटिकनंतर 11 स्ट्रेनचे प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. ते प्रयोग कॅप्सूलचे होते, वाटीभर दह्याचे नव्हेत. तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय महागड्या कॅप्सूल घेऊ नयेत असे माझे मत आहे. जेवणात ताजे दही किंवा ताक ठेवावे, आणि त्याबरोबर डाळी, उसळी, ज्वारी-बाजरी व भाज्याही ठेवाव्यात, कारण मूळचे जिवाणू तंतुमय अन्नावरच पुन्हा वाढतात. पुढे कधी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन गटातले औषध चालू असेल, तर दह्यातल्या कॅल्शियममुळे ते नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे. घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव-प्रत्यारोपण झाले असेल, तर त्यांना जिवंत जिवाणूंची कॅप्सूलच काय, घरी विरजलेले दहीसुद्धा त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे.