एफएम ट्रान्समीटर लावल्यावर कारच्या टेपमध्ये गाण्यांसोबत खरखर येते, काय करू?

खरखर येते कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर किंवा तिच्या शेजारी एखादं खरं स्टेशन असतं. ट्रान्समीटर म्हणजे मोबाइलमधली गाणी रेडिओच्या लहरींनी टेपकडे पाठवणारं छोटं यंत्र, त्याची ताकद अगदी कमी, त्यामुळे स्टेशन त्याला सहज दाबतं. मुंबईत ९३.५ आणि ९८.३ वर मोठी स्टेशनं आहेत, त्यांच्या आसपास जाऊच नका. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून टेपवर ८८ ते ९० मधली नुसती सूंऽऽ ऐकू येणारी जागा शोधा, मग तोच आकडा ट्रान्समीटरवर लावा. मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त टेपवरून करा. यानं फार फरक पडतो! लांबच्या प्रवासात शहर बदललं की फ्रिक्वेन्सीही बदलावी लागते. टेपला ऑक्सची पिन (मोबाइलची वायर जोडायची जागा) असेल तर मात्र सरळ वायर लावा, आवाज कितीतरी स्वच्छ येतो.