वाचकांचे प्रश्न : कार्डाचे पॉइंट, विमानाचे माइल्स आणि आपला प्रवास

क्रेडिट कार्डाचे पॉइंट आणि विमान कंपन्यांचे माइल्स (म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे त्या कंपन्यांचे पॉइंट) वापरून प्रवासखर्च कसा वाचवावा, याविषयी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. बँका आपले नियम मधूनच बदलतात, म्हणून मोठा खर्च करण्याआधी आपल्या कार्डाची त्या दिवशीची नियमावली बँकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी जळगावला साधारण सहा लाखांचं सोनं घ्यायचं आहे. सगळं क्रेडिट कार्डावर घेतलं तर पॉइंटांमध्ये नवरा-नवरीच्या विमानाची तिकिटं निघतील, असं भाचा म्हणतो. तसं करावं का? (अमळनेर)

करू नका. दुकानातल्या स्वाइप यंत्राला त्याच्या बँकेने चार आकडी व्यवसाय-संकेतांक दिलेला असतो. सराफी दुकानांचा संकेतांक ५९४४ असतो आणि त्यावरूनच तुमची बँक पॉइंट द्यायचे की नाही हे ठरवते. ज्या कार्डांची प्रवासासाठी सर्वांत जास्त जाहिरात होते, त्यांपैकी बऱ्याच कार्डांनी सोनं वगळलं आहे. अॅक्सिस बँकेच्या अॅटलस कार्डाचंच पाहा. एरवीच्या खर्चावर ते शंभर रुपयांमागे २ आणि विमान-हॉटेलच्या खर्चावर ठरावीक मर्यादेपर्यंत ५ एज माइल्स (या कार्डाचे पॉइंट) देतं. पण एप्रिल २०२४ पासून सोनं-दागिने, घरभाडं, विमा, वीजबिल, इंधन, सरकारी भरणा आणि वॉलेट यांवर काहीच देत नाही. म्हणजे सहा लाख खर्चूनही खात्यात शून्य माइल्स येतील.

दुसरी गोष्ट दुकानातली. सराफ ‘कार्डाला दोन टक्के वेगळे’ म्हणाला, तर ते बारा हजार झाले. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महाग. लग्नघरात पैसा चहूकडून सुटत असतो, त्यात बिल पूर्ण भरणं जमलं नाही तर महिन्याला ३.७५ टक्क्यांपर्यंत व्याज लागतं. सहा लाखांवर एका महिन्याचे २२,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,०५० रुपये. झाले २६,५५०. ‘मिनिमम ड्यू’ (बिलावर लिहिलेली किमान रक्कम) भरला म्हणजे व्याज टळलं, हा समज चुकीचा आहे. त्याने फक्त उशिराचा दंड टळतो. व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं आणि त्या काळात केलेल्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

कार्ड वापरायचंच असेल तर बस्ता, भांडीकुंडी, रुखवताचं सामान, फर्निचर, वऱ्हाडाची तिकिटं यांसाठी वापरा. दुकान नवीन असेल तर आधी पाचशे रुपयांची एखादी वस्तू घ्या आणि त्या खर्चाचे पॉइंट स्टेटमेंटमध्ये जमा होतात का ते पाहा. पाटीवर ‘साडी सेंटर’ असलं तरी यंत्राचा संकेतांक भलताच असू शकतो. कार्ड ज्या दिवशी स्टेटमेंट तयार करतं त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठी खरेदी केली, तर पैसे भरायला सर्वांत जास्त दिवस मिळतात.

प्रश्न : आम्ही विमानाने क्वचितच जातो. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला, येणं-जाणं सगळं रेल्वेने. तरी माइल्सचं कार्ड घ्यावं असं बँकेतले सांगतात. (भुसावळ)

तुमच्यासाठी माइल्स नाहीत, रेल्वेचंच कार्ड आहे. आयआरसीटीसी आणि एसबीआय यांच्या जोडकार्डावर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून काढलेल्या एसीच्या तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात. एक पॉइंट म्हणजे एक रुपया, आणि तो पुढच्या रेल्वे तिकिटासाठी वापरायचा. साध्या प्रकाराची पहिल्या वर्षाची फी ५०० आणि पुढे दरसाल ३०० रुपये, अधिक जीएसटी.

हिशेब करू. वर्षाला थर्ड एसीची २४,००० रुपयांची तिकिटं काढलीत, तर २,४०० रुपयांपर्यंत परत. नूतनीकरणाचे जीएसटीसह ३५४ रुपये वजा केले तर २,०४६ उरतात. आणखी एक छोटी वजाबाकी आहे. एसी तिकिटावर आयआरसीटीसीची सुविधा फी कार्डाने ३० रुपये, यूपीआयने २० रुपये, दोन्हींवर जीएसटी वेगळा. म्हणजे प्रत्येक तिकिटामागे कार्डाने ११.८० रुपये जास्त जातात. ही फी तिकिटावर असते, माणसांवर नाही. म्हणून घरातले चौघे एकाच तारखेला निघणार असतील तर एकाच पीएनआरवर काढा.

खानदेश एक्स्प्रेसच्या स्लीपरने जाणाऱ्याला मात्र या दहा टक्क्यांचा उपयोग नाही, तो दर एसीलाच आहे. एजंटाकडून काढलेल्या तिकिटालाही पॉइंट येत नाहीत. तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत घेतले जातात आणि सुविधा फी काही परत मिळत नाही. खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं ठेवा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला ते लागतंच.

प्रश्न : मुलगी सिंगापूरला आहे. आम्हा दोघांना जायचं आहे. कार्डावर साठ हजार पॉइंट साचले आहेत. ते विमान कंपनीकडे वळवावेत की बँकेच्या पोर्टलवरच (पॉइंट वापरण्याच्या बँकेच्या संकेतस्थळावर) तिकीट काढावं? वळवायचे तर कसे? (धुळे)

आधी एका पॉइंटची किंमत काढा. रोखीचं भाडं घ्या, त्यातून माइल्सच्या तिकिटावरही रोख भरावे लागणारे कर आणि शुल्क वजा करा, उरलेल्याला लागणाऱ्या माइल्सने भागा. समजा रोखीचं भाडं १९,००० आहे. माइल्सने काढलं तर २०,००० माइल्स आणि वर ५,००० रुपये कर. १९,००० वजा ५,००० म्हणजे १४,०००, भागिले २०,०००. एका माइलची किंमत ७० पैसे आली.

आता तुमची बँक किती पॉइंटांना एक माइल देते ते बघा. दोनास एक असेल तर तुमचा पॉइंट ३५ पैशांचा झाला. तोच पॉइंट बँकेच्या पोर्टलवर तिकिटासाठी ५० पैशांना चालत असेल तर वळवणं तोट्याचं. एकास एक असेल तर पॉइंटला पूर्ण ७० पैसे मिळतात आणि वळवणंच बरं. हाच हिशेब दिवाळीच्या तारखांना करून पाहा. रोखीचं भाडं ३२,००० वर गेलं आणि माइल्स तेवढेच लागत असले, तर माइल १ रुपया ३५ पैशांवर जातो. माइल्सचा खरा उपयोग भाडं चढलेलं असताना होतो. सवलतीच्या हंगामात माइल्स खर्च करून हात रिकामे करू नयेत.

वळवायचं ठरलं तर क्रम चुकवू नका, कारण बँकेकडून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. विमान कंपनीच्या सदस्यत्वाचं खातं फुकट निघतं. ते आधी उघडा, त्यात लॉगिन करा आणि हव्या त्या तारखेला माइल्सवर दोन आसनं खरोखर आहेत का ते पाहा. विमानात जागा असली म्हणजे माइल्सवरची जागा असतेच असं नाही, ती थोडीच ठेवलेली असते. दोन आसनं एकाच दिवशी मिळेनात तर मागचे-पुढचे तीन-चार दिवस बघा, आठवड्याच्या मधले वार बहुधा मोकळे असतात. आसनं दिसली की लागतात तेवढेच पॉइंट वळवा. सगळे साठ हजार एकदम पाठवू नका. काही बँकांकडून माइल्स काही मिनिटांत जमा होतात, काहींना कामाचे काही दिवस लागतात. तेवढ्यात आसन जाऊ शकतं, म्हणून दुसरी एक तारीख हेरून ठेवा.

आपल्याकडे हे काम सर्वांत जास्त अडतं ते नावावर. कार्डावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, आधारावर आडनाव आधी, पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा पतीचं नावही. बँकेतलं नाव आणि विमान कंपनीच्या खात्यातलं नाव जुळलं नाही तर पॉइंट वळवण्याची विनंती फेटाळली जाते. खात्यातलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर विमानतळावर अडचण येते. म्हणून पासपोर्ट प्रमाण माना, विमान कंपनीचं खातं त्याप्रमाणे उघडा आणि बँकेतलं नाव शाखेत अर्ज देऊन आधी तसं करून घ्या. ताईंच्या कागदांवर माहेरचं नाव राहिलं असेल तर तेही याच वेळी निस्तरा.

सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेच्या खात्यातून दुसऱ्याचं तिकीट काढायचं असेल तर त्या व्यक्तीला आधी नामनिर्देशित करावं लागतं, अशी पाच नावं घालता येतात. तिथले माइल्स ३६ महिन्यांत संपतात. नुसते साठवायला म्हणून तिथे पाठवू नका, बँकेतच राहू द्या. एअर इंडियाची महाराजा क्लब ही माइल्स योजना हा दुसरा पर्याय. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे आणि सिंगापूर एअरलाइन्सही त्याच गटात आहे. दोन्हीकडे एकाच तारखेला लागणारे माइल्स आणि कर शेजारी-शेजारी लिहून बघा. करांचा फरक कधी कधी माइल्सच्या फरकापेक्षा मोठा निघतो.

धुळ्याहून मुंबईपर्यंतचा प्रवास तुमच्या तिकिटात धरलेला नसतो. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी खोळंबली आणि विमान चुकलं तर कंपनी जबाबदार नाही, माइल्सचं तिकीटही वाया जाऊ शकतं. पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळी मुंबईत पोहोचा. त्या मुक्कामाचा खर्चही वरच्या हिशेबात धरा.

प्रश्न : एअर इंडियाचे पॉइंट जळगावच्या विमानाला चालतात का? (जळगाव)

चालतील असं धरून साठवू नका. सरकारच्या उडान या प्रादेशिक विमानसेवेच्या योजनेखाली जळगावला जोडणाऱ्या अलायन्स एअर आणि फ्लाय९१ या प्रादेशिक कंपन्या आहेत. अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाची होती. पण जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ती सरकारकडेच राहिली. या विमानांसाठी बँकेचे पॉइंट बँकेच्या पोर्टलवरूनच वापरता येतात, तेही पोर्टलवर ते विमान दिसत असेल तर. अनेक बँका पॉइंट वापरण्याचे ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात. अडीच हजारांच्या तिकिटावर हे ११७ रुपये म्हणजे जवळजवळ पाच टक्के झाले. शिवाय पोर्टलची वेगळी फी असते. कंपनीच्या संकेतस्थळावरचं भाडं बघितल्याशिवाय बटण दाबू नका. इंडिगोच्या ब्लूचिप या पॉइंटांच्या योजनेत खातं असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिकहून निघण्याचा विचार करा, टॅक्सीचं भाडं मात्र हिशेबात मांडून.

प्रश्न : खताच्या दुकानाचं तीन लाखांचं बिल कार्डाने भरतो म्हटलं तर दुकानदार दोन टक्के वेगळे मागतो. पॉइंटांत निघून येतील ना? (शहादा)

नाही. तुमचं कार्ड दीडशे रुपयांना ४ पॉइंट देत असेल तर तीन लाखांचे ८,००० पॉइंट. पॉइंट २५ पैशांचा धरला तर २,००० रुपये. दुकानदाराला गेले ६,०००. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेडलं तर चार टक्के पडतं. ते सोडून पंचेचाळीस दिवसांसाठी दोन टक्के देणं म्हणजे वर्षाला सोळा टक्क्यांच्या दराने उसने घेणं झालं. आणि वर्षभरात कार्डांची दहा लाखांच्या वर बिलं भरली गेली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. व्यापाराची खरेदी घरच्या कार्डावर करणाऱ्यांनी पावत्या जपून ठेवाव्यात.

प्रश्न : कार्ड बंद करायचं आहे. पॉइंटांचं काय होतं? (चाळीसगाव)

बँकेकडे पडून असलेले पॉइंट बहुतेक वेळा कार्डाबरोबर जातात. विमान कंपनीच्या खात्यात आधीच गेलेले माइल्स तिथे त्यांच्या मुदतीपर्यंत राहतात. म्हणून आधी पॉइंट वापरा किंवा वळवा आणि ते पलीकडे जमा झाल्याची खात्री करा. मग कार्डावर लावलेली मोबाइल-वीजबिलाची आपोआप भरणा सोय काढा, शेवटचं बिल पूर्ण भरा आणि त्यानंतरच बंद करण्याची विनंती लेखी किंवा ईमेलने द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. विनंतीचा क्रमांक आणि तारीख त्यासाठी लिहून ठेवा.