लेकरू पुण्याला गेलं अन् खेळ बिघडला – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, उंची 5 फूट 11 इंच. इथं शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायचा, विभागीय स्पर्धेपर्यंत गेला, टीममध्ये त्याच्याएवढं उंच कुणीच नव्हतं म्हणून सगळे बॉल त्यालाच. जूनमध्ये पुण्याला एका अकॅडमीच्या होस्टेलला टाकलं. दिवाळीला आला तर म्हणतो मला बेंचवरच बसवतात, सर रिंगखाली उभंच राहू देत नाहीत, बाहेरून बॉल जमिनीवर आपटत, ड्रिबल करत यायला लावतात आन माझ्याहून बुटकी पोरं बॉल काढून नेतात. शॉट पण बिघडलाय म्हणतो. वाळला पण आहे. ह्यांचं म्हणणं वापस आणा. काय करावं?
– एक आई, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट नीट वेगळी करून बघा. तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्यात, पण त्यातली एक चांगली बातमी आहे, एक वयाची आहे आणि एकच खरी काळजीची आहे.

चांगली बातमी म्हणजे त्याला बाहेर उभं करतात ती. आपल्याकडं तालुक्याच्या शाळेत उंच पोरगं दिसलं की त्याला रिंगखाली उभं करायचं, वरून बॉल टाकायचा, त्यानं वळून बोर्डावर मारायचा, झाली मॅच. पोरगं जिंकतं पण शिकत काहीच नाही, कारण त्याला अडवणारं कुणी नसतं. पुण्यात त्याच्या उंचीची पाच-सहा पोरं असणार आणि 5 फूट 11 इंच ही मोठ्यांच्या बास्केटबॉलमध्ये सेंटरची, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्याची उंची नाहीच, तिथं तो गार्डच, म्हणजे बाहेरून बॉल घेऊन येणाराच ठरणार. उद्या त्याची वाढ इथंच थांबली आणि त्याला फक्त रिंगखालचंच येत असलं तर त्याला कोण टीममध्ये घेणार? आणि वाढली तर दुप्पट फायदा. अमेरिकेचा अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड खेळायचा, मग थोड्याच काळात उंची झपाट्यानं वाढून 6 फूट 10 इंचांवर गेली, पण हातातलं ड्रिबल आणि बाहेरचा शॉट तसाच राहिला, म्हणून तो इतर उंच खेळाडूंपेक्षा वेगळा दिसतो. तुमच्या लेकराच्या सरांना हे कळतंय असं मला तरी पत्रावरून वाटतं. बॉल हिसकावला जातोय तो जाऊ द्या, हेच तर त्याला सेलूत मिळत नव्हतं.

शॉट बिघडला ते बहुतेक वयाचं आहे. मुलांची उंची साधारण 13-14 व्या वर्षी सगळ्यात वेगानं वाढते, हातपाय आधी लांब होतात आणि ताकद मागून येते, त्यामुळं काल बसणारा शॉट आज रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. त्यात सिमेंटवरून लाकडी फ्लोअरवर गेलाय, बॉल वेगळा, बोर्ड काचेचा, सगळंच नवीन. ह्याला काही महिने लागतात. फक्त गुडघ्याच्या वाटीच्या खाली, हाडाच्या उंचवट्यावर दुखतं का ते विचारा, ह्या वयात उड्या मारणाऱ्या पोरांना ते होतं आणि पोरं बेंचच्या भीतीनं सांगत नाहीत. दुखत असलं तर डॉक्टरला दाखवायचं आणि उड्या कमी करायच्या, पट्टी बांधून खेळवायचं नाही.

आता काळजीची गोष्ट, वाळलाय ती. घरी ज्वारीची भाकरी, वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी खाऊन वाढलेलं लेकरू मेसमध्ये दोन पोळ्यांवर उठत असलं आणि सकाळी साडेपाचला ट्रेनिंग, मग शाळा, मग परत ट्रेनिंग असलं तर वजन उतरणारच, आणि वाढीच्या वयात ते चालत नाही. ह्या वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. होस्टेलमध्ये रात्री 11 पर्यंत मोबाईल चालू असतील तर ती कुठून मिळणार? दिवाळीनंतर तुम्ही स्वतः त्याच्यासोबत जा, मेसमध्ये बसून जेवा, काय किती वाढतात ते डोळ्यांनी बघा. सोबत शेंगदाणे, गूळ, फुटाणे, तुपाचे लाडू द्या. लाजू नका, सरांना सरळ विचारा की वजन का उतरलं.

आणि बेंचबद्दल. ह्यावर मी ठाम आहे: अकॅडमी केवढी मोठी आहे ह्यापेक्षा लेकराला आठवड्यात खऱ्या मॅचमध्ये किती मिनिटं खेळायला मिळतात हे बघायचं असतं. मोठ्या टीममध्ये बसवत असतील तर ज्युनियर टीममध्ये, दुसऱ्या एखाद्या लोकल लीगमध्ये तरी खेळवतात का ते विचारा. सर्बियाच्या निकोला योकिचचं बघा, 2014 ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 41 व्या नंबरला नाव आलं तरी लगेच अमेरिकेला पळाला नाही, एक वर्ष आपल्याच सर्बियातल्या क्लबकडून भरपूर खेळला आणि मग गेला. आणि लुका डोन्चिच 13 व्या वर्षी स्लोव्हेनियाहून माद्रिदला गेला, भाषा येत नव्हती, घर सुटलं, पण तिथं त्याला खेळवलं, 16 व्या वर्षी तिथल्या रेआल माद्रिद क्लबच्या सिनियर टीममध्ये उतरवलं. एक थांबला, एक लवकर गेला, दोघंही घडले कारण दोघांनाही कोर्टवर वेळ मिळाला. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग 2010 ला बल्लो के सारख्या छोट्या गावातून अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला, इंग्लिश येत नव्हतं, पाच वर्षं तिथं काढली आणि 2015 ला एनबीएत ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय ठरला, 52 वा नंबर. फार मोठी गोष्ट आहे ती. तरी एनबीएची एकही लीग मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. म्हणून सांगतो, जागा बदलली म्हणजे काम झालं असं नसतं.

मालकांचं पण ऐकून घ्या, ते चुकीचं बोलत नाहीत. गावात राहून खेळाडू होत नाही हा समज खोटा आहे. जाँ कोते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंची जन्मगावं तपासली, त्यात बास्केटबॉलवाले पण होते, तर पाच लाखांहून कमी वस्तीच्या शहरांतून लोकसंख्येच्या मानानं जास्त खेळाडू निघालेले दिसले. लहान गावात मैदान जवळ असतं, मोठ्या पोरांत लहान पोरगं बिनधास्त खेळतं, कुणी रांगेत उभं करत नाही. सेलूची ती वर्षं वाया गेली नाहीत, त्याच्या हातात जे काही आहे ते तिथलंच आहे.

माझं मत विचाराल तर हे शैक्षणिक वर्ष तिथंच पूर्ण करू द्या. तोपर्यंत वजन परत आलं, मॅच मिळायला लागल्या आणि पोरगं फोनवर खेळाबद्दल आपणहून बोलायला लागलं तर ठेवा. ह्यातलं काहीच नाही झालं तर एप्रिलमध्ये आणा, गावात कुणी काही म्हणो. पण फोनवर "आज खेळवलं का" हे रोज विचारू नका, लेकरू खोटं बोलायला शिकतं. जेवला का, कुणासोबत खोलीत आहेस, एवढं पुरे.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात शाळेत पीटी शिक्षक आहे. आमची मुलं सिमेंट कोर्टवर चांगली खेळतात पण इनडोअर हॉलमध्ये गेली की पहिला हाफ हातातून जातो. काय करू?

उत्तर : सर, माप तर तेच असतं, 28 बाय 15 मीटर आणि रिंग 3.05 मीटरवर, पण पायाखालचं बदलतं. धुळीच्या सिमेंटवर पोरं घसरत थांबायला शिकतात, लाकडावर बूट एकदम चिकटतो, मग ट्रॅव्हलिंगच्या, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याच्या शिट्ट्या तरी वाजतात नाहीतर घोटा मुरगळतो. म्हणून घरी रोज दोन पावलांत थांबण्याची प्रॅक्टिस घ्या, मैदान झाडून, ओल्या फडक्यानं बूट पुसून. रबरी बॉलसोबत एक तरी मॅचचा बॉल ठेवा. आणि स्पर्धेला आदल्या संध्याकाळी पोचा, रिकाम्या हॉलमध्ये अर्धा तास मिळाला तरी बोर्डाचा अंदाज येतो.

एक न विचारलेलं सांगतो. पाचवी-सहावीच्या पोरांच्या हातात 7 नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा बॉल देऊ नका. 12 वर्षांखालच्यांना 5 नंबरचा बॉल आणि 2.60 मीटरची रिंग असते. जड बॉल पोचवायला पोरं कमरेपासून दोन्ही हातांनी फेकतात आणि ती सवय पुढं कितीही चांगला कोच मिळाला तरी लवकर जात नाही.

प्रश्न : मी 16 वर्षांची आहे, नांदेडला जिल्हा टीममध्ये खेळते. अकरावी-बारावीला लातूरला नीटच्या क्लासला पाठवणार आहेत. दोन वर्षं गॅप पडला तर खेळ संपतो का?

उत्तर : संपत नाही बाळा, पण पूर्ण सोडू नको. 19 वर्षांखालचा शालेय गट अजून पुढं आहे, त्यानंतर युनिव्हर्सिटीच्या टीम असतात. लातूरला रूम बघतानाच घरच्यांना सांग की मैदानाजवळ बघा आणि होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते विचारा, बऱ्याच मुलींच्या होस्टेलला 7 वाजताच कुलूप लागतं आणि तिथंच मुलींचा खेळ सुटतो. उशिरा येण्याची परवानगी ॲडमिशनच्या वेळीच लेखी घ्या, नंतर कुणी देत नाही. आठवड्यात दोन संध्याकाळी बॉल हातात राहिला, रोज खोलीत पंधरा मिनिटं स्क्वॉट आणि एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम झाला तर बरंच टिकतं. मुलींमध्ये गुडघ्याची लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून परीक्षा झाल्या झाल्या थेट मॅचला उतरू नको, आधी काही आठवडे पळणं, उडी मारून नीट उतरणं, मग स्पर्धा.