फारसीत सुचवायचं कसं? वाचकांची प्रश्नोत्तरे

महिनाभरातल्या पत्रांत घोळ एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र देते.

प्र. ‘चल, जाऊ या’ला फारसीत काय म्हणतात?
‘बिया बेरीम.’ समोर पुष्कळ जण असतील किंवा मान द्यायचा असेल तर ‘बियाइन बेरीम’.

प्र. ‘पीशनहाद मीकोनम के फर्दा मीरवीम’ असं लिहिलं, तर शिक्षकांनी काट मारली. का?
योग्यच केलं. ‘मीरवीम’ म्हणजे ‘आपण जातो’. सुचवताना क्रियापदाला ‘बे’ लागतो: ‘...के फर्दा बेरवीम’, उद्या जावं असं सुचवतो. नकार आला की ‘बे’ गळतो आणि ‘नरवीम’ होतं.

प्र. उर्दू जाणणारा मित्र म्हणतो, सूचनेला ‘तजवीज’ म्हणा. मराठीतही तो शब्द आहेच ना?
आहे, आणि घात तिथेच होतो. बहमनी, आदिलशाही दफ्तरांतून मराठीत आलेले शब्द इथेच रुळले, त्यांचे अर्थ सरकले. आपली तजवीज म्हणजे व्यवस्था, उर्दूतली म्हणजे प्रस्ताव. आजच्या इराणात मात्र डॉक्टर औषधाची ‘तजवीज’ करतात. माझ्या एका विद्यार्थ्याने इराणी मैत्रिणीला चहाचं दुकान ‘तजवीज’ केलं, तर तिने काळजीने विचारलं, बरं नाही का तुला? ‘शिफारस’ही तशीच. तेहरानच्या हॉटेलात ‘सेफारेश मीदम’ म्हणालात तर वेटर ऑर्डर लिहायला घेईल. एखादी गोष्ट घ्या, बघा असं सांगायला ‘तोसिये मीकोनम’, बेत सुचवायला ‘पीशनहाद’. ‘मराठी येते म्हणजे निम्मी फारसी आली’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लासांना पैसे देऊ नका. मराठीत ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द आधी इराणी शब्दकोशात बघा, मग शिक्षकांना विचारा.

प्र. प्राध्यापकांना ‘बायद’ म्हटलं तर चालेल?
नाही. ‘बायद’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’. ‘नजरेतून चिये?’, म्हणजे ‘आपलं काय मत आहे?’, असं विचारून मग आपला बेत सांगा. अर्ज किंवा पत्र असेल तर पाठवण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या. लेखी फारसी वेगळी.

प्र. दुकानदार ‘गाबेली नदारे’ म्हणाला. पैसे नकोत असं सुचवत होता का?
नाही, तो तारोफ, शिष्टाचार. पैसे द्या.

प्र. लिपी नंतर शिकली तर चालेल?
आजच सुरू करा.